ब्राँझची तयारी : तिसरा ठोका

टँगो आज नाही. गेल्या लेखात कबूल केलं होतं खरं, पण मधेच हॅरोहून एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि मी पुन्हा वॉल्ट्झमध्ये अडकलो. बाई लंडनमध्ये बॉलरूम नृत्याच्या ब्राँझ पदकाच्या परीक्षेला बसताहेत. विचारतात, फिगर कमी बसवल्या तर मार्क कापतात का? आणि सर रोज म्हणतात, ‘तिसरा पुरा होत नाही’, म्हणजे नेमकं काय होत नाही?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. १९२२ साली व्हिक्टर सिल्वेस्टर आणि फिलिस क्लार्क जागतिक विजेते झाले, तेव्हाच्या वॉल्ट्झमध्ये उजवं वळण, डावं वळण आणि दिशाबदल यापलीकडे फारसं काही नव्हतं. आज ब्राँझच्या पोरालाही व्हिस्क येतो, शासे येतो, स्पिन टर्न येतो. म्हणजे त्या विजेत्यांपेक्षा जास्त फिगर तुमच्याकडे आहेतच, तेव्हा त्यांची चिंता सोडा.

दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. तिसऱ्या ठोक्याला पाय जुळवायचा हे १९२२ मध्येही होतं. दुसरं पाऊल बाजूला टाकायचं हे १९२६-२७च्या सुमारास रुळलं. उजवं वळण घ्या. पुरुषाचा उजवा पाय पुढे, डावा बाजूला, तिसऱ्याला उजवा येऊन डाव्याला मिळतो. नवशिके इथे शाळेत ‘सावधान’ म्हटल्यावर जोडतात तसा पाय नुसता जोडतात. अंगाचा भार डाव्यावरच राहतो. पुढच्या एकला डावा मागे जायला हवा, पण त्याच्यावर तर सगळं अंग उभं! मग उजवाच मागे सरकतो आणि गुडघ्यावर गुडघा आपटतो. जुळवलेल्या पायावर भार आला तरच तिसरा झाला.

तोही अर्धाच. पहिला ठोका संपताना चढायला, म्हणजे अंगाने उंच व्हायला लागायचं, दुसऱ्या-तिसऱ्यावर चढत राहायचं आणि तिसरा संपता संपता टाच खाली. लय मिनिटाला ३० बारच्या आसपास, म्हणजे तीन ठोक्यांचा एक बार दोन सेकंदांचा. ठोक्याच्या वाट्याला पाऊण सेकंदसुद्धा येत नाही. एवढ्यात पाय जुळवा, भार घ्या, चढ पुरा करा, उतरा. धांदल होते, मग माणसं उतरणं गाळतात आणि पुढच्या एकवर संगीताच्या आधी जाऊन पोचतात. ब्राँझला टायमिंग गेलं की बाकीचं कितीही देखणं असो, वाचवत नाही.

आता बाईंची बाजू. उजव्या वळणाच्या पूर्वार्धात त्या डाव्या पायाने मागे जातात. इथे चढ अंगातून आणि पायांतून घ्यायचा, पावलातून नाही. उजवा पाय बाजूला पडून भार घेईपर्यंत डाव्याची टाच जमिनीवरच. ती घाईने उचलली की बाई जोडीदाराच्या आधी वर जातात आणि दोघांची पकड खांद्यापासून हलते. उत्तरार्धात त्या पुढे येतात, तिथे पहिलं पाऊल सरळ टाचेवर. मागे जाताना आणि पुढे येताना एकाच प्रकारे चढणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सरांच्याही हे लक्षात येत नाही, कारण ते समोर उभे असतात. टाच दिसते ती बाजूला खुर्चीवर बसलेल्या परीक्षकाला.

सरावासाठी सिल्वेस्टरच्याच ऑर्केस्ट्राची एखादी वॉल्ट्झ लावा. नाचणाऱ्यांना ठरावीक लय मिळावी म्हणून १९३५ साली त्याने तो उभा केला. त्यावर फक्त क्लोज्ड चेंज (पुढे, बाजूला, जुळवा) करा, एका पायाने, मग दुसऱ्याने. वळण नको, व्हिस्क नको. प्रत्येक बारला सुरुवातीचा पाय बदलला पाहिजे. सलग दोनदा तोच पाय निघाला, तर मधल्या तिसऱ्यावर भार गेला नव्हता.

आणि परीक्षेत क्रम विसरण्याची भीती? पदकाच्या परीक्षेत शिक्षकाबरोबर नाचायची मुभा असते, बहुधा बाई सरांबरोबरच उतरतील. पुढे काय घ्यायचं ते सरांनी ठरवायचं. विसरलेच, तर ते विसरतील.