निराधारगृहात वारलेला पूर्वज : कुठे आणि का शोधायचा?

मंडळी, वंशावळ लिहायला बसलो की एखाद्या नावापाशी घरातली वडीलधारी माणसे थांबतात. ‘तो मुंबईला गेला, परत आला नाही.’ एवढेच सांगतात. त्याला दुखणे जडले होते का, त्याच्यावर हात पसरायची वेळ आली होती का, हे कुणी बोलत नाही. असा माणूस शेवटी कुठे मातीत गेला, हे शोधायचे कसे? आणि मुळात शोधायचे कशासाठी? हे दोन प्रश्न आज आपण घेऊ.

इंग्लंडमध्ये १८३४च्या कायद्याने निराधारांना ‘वर्कहाउस’मध्ये ठेवून, कामाला लावून पोसण्याची पद्धत पक्की झाली. आपल्याकडे हुबेहूब तशी व्यवस्था नव्हती, पण तिच्या जवळपासच्या संस्था होत्या. १८९० साली पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. तेच आज वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. बघा, याच ॲकवर्थ साहेबांनी शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. वीरांची नावे त्या पुस्तकात राहिली. आश्रयस्थानात वारलेल्यांची राहिली असतील तर दप्तरात.

पुढे १८९८चा महारोग्यांचा कायदा आला. त्याने उघड्यावर फिरणाऱ्या गरीब रोग्याला वॉरंटाशिवाय पकडता येई. नीट लक्ष द्या : नुसता रोग पुरत नव्हता, सोबत गरिबी लागे. भीक मागणे किंवा उपजीविकेचे उघड साधन नसणे, ही ती खूण. जवळजवळ हीच व्याख्या १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्यात पुन्हा दिसते. त्या कायद्याने पकडलेल्यांना चेंबूरच्या भिक्षेकरीगृहासारख्या ठिकाणी ठेवतात.

आता शोध. पहिला नियम असा, की मृत्यूची नोंद माणसाच्या गावात नव्हे, तो जिथे मेला तिथे होते. वेसावे आज मुंबईत आहे, म्हणून आपली गफलत होते. हे गाव साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात होते. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि अंधेरीचा हा भाग बृहन्मुंबई पालिकेत आला तो १९५० साली. तेव्हा वेसाव्याचा माणूस १९१० साली माटुंग्याला वारला असेल, तर त्याची नोंद मुंबई पालिकेच्या दप्तरात पाहायची. घरीच वारला असेल तर गावच्या दप्तरात, म्हणजे गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकात. जुने पान मोडीत असू शकते, तेव्हा मोडी वाचणारा सोबत घ्यावा. ख्रिस्ती घर असेल तर चर्चच्या वह्याही पाहाव्यात.

दुसरा नियम : नाव सैल धरा. कारकुनाने ऐकले तसे लिहिले. आडनावाच्या जागी जात असेल, नुसते ‘कोळी’ असेल, बापाचे नाव गळले असेल. म्हणून वय, गाव, जात आणि साल अशा चारही बाजूंनी ताडून पाहायचे. एक बाजू जुळली म्हणून ‘हाच आपला’ असे म्हणायचे नाही.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. नोंद सापडली म्हणजे कबर सापडेल असे नाही. मुंबईत जागा अपुरी, त्यामुळे सामान्य कबरी पुन्हा उघडून वापरल्या जातात. दहन झाले असेल तर खूण उरतच नाही. १९४९च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याप्रमाणे बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाला देता येते. इंग्लंडात वर्कहाउसमधल्या बेवारस प्रेतांचे १८३२च्या तशाच कायद्याखाली हेच होत असे. म्हणजे काहींना जमीन मिळालीच नाही.

मग शोधायचे कशाला? हेगेलने सोफोक्लीजच्या अँटिगनीचा विचार करताना म्हटले, की मृत्यू ही निसर्गात नुसती घडून जाणारी गोष्ट. कुटुंब अंत्यसंस्कार करते तेव्हा मेलेला माणूस पुन्हा ‘आपला’ होतो. निराधारगृहातल्या माणसाच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले. कायद्याने त्याला पकडले, संस्थेने नोंदले. त्याचे नाव घेणे मात्र अनेकदा घरानेच सोडले, लाजेपोटी. आणि ही लाज रोगाची कमी, दारिद्र्याची जास्त होती.

आपल्या परंपरेने यावर वाट ठेवलेली आहे. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे. ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला सगळ्याच मृतात्म्यांसाठी प्रार्थना होते. जागा माहीत नसली तरी ऋण फिटत नाही आणि संपतही नाही, हे दोन्ही धर्मांना कळले होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कबर शोधा, पण ती मिळाली नाही म्हणून कुणाच्याही मातीवर आपली पाटी लावू नका. नोंद मिळाली तर ती जशी आहे तशी वंशावळीत लिहा : नाव, साल, आणि ‘माटुंगा येथे महारोग्यांच्या आश्रयस्थानात निधन’. शब्द झाकू नका. नातवंडांनी विचारले की त्याच नावापाशी न थांबता पुढे सांगा.