दर्याकाठची उडी आणि तिची दुरुस्ती

मे महिन्याची सुट्टी संपून पाहुणे आपापल्या गावी परतले, की गोव्यातल्या मराठी घरांत एक काम मागे उरते. मिरामारला, कोलव्याला नाहीतर हरमलला काढलेल्या शेकडो छायाचित्रांतून चारदोन निवडून ती बेळगावला, पुण्याला, इंदूरला धाडावयाची असतात. ओळीने उभे राहून काढलेली छायाचित्रे फारसा त्रास देत नाहीत. पेच पडतो तो धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या, लाटेशी झोंबणाऱ्या माणसांच्या चित्रांपाशी. त्यांत काहीतरी उणे असतेच. क्षितिज कललेले, चेहरा काळवंडलेला, फेस पांढराफटक आणि कोपऱ्यात कोणी परका मनुष्य! दुरुस्तीची साधने आता मोबाईलमध्येच असतात. परंतु त्यांतले कोणते उचलावे, हे साधन सांगत नाही. ते ठरविण्यापूर्वी या चित्रात घडले काय, एवढे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

समजा, दहा वर्षांची नात येणाऱ्या लाटेवरून उडी मारते आहे आणि डाव्या कडेला आजी तिच्या चपला हाती धरून उभी आहे. बहुतेकांचा हात प्रथम चित्र कापण्याकडे वळतो. चेहरा लाडका, म्हणून चौकट चेहऱ्याभोवती आवळली जाते. तसे केले की उडीच नाहीशी होते! उडी चेहऱ्यात नसते. ती असते पावले आणि ओली वाळू यांमधल्या हातभर पोकळीत, आणि त्या वाळूवर पडलेल्या सावलीत किंवा प्रतिबिंबात. तो खालचा भाग गेला, की तोंड उघडून उभी असलेली एक मुलगी तेवढी उरते. त्याचप्रमाणे ती ज्या दिशेने झेपावते आहे, त्या बाजूला थोडी मोकळी जागा हवी. नाकासमोरच चौकट आली, तर मुलगी भिंतीवर आदळणार असे वाटते.

क्षितिजाचे काम त्यामानाने सोपे. डोंगर कललेला चालतो, झाड चालते. समुद्र चालत नाही. एक-दोन अंशांचा कलही डोळ्यांना खुपतो, जणू सारे पाणी एका बाजूला सांडते आहे. मात्र चित्र फिरविले की त्याचे कोपरे कापले जातात. म्हणून आधी क्षितिज सरळ करावे आणि मग चौकट ठरवावी; उलट क्रमाने गेल्यास जपून ठेवलेली पावलेच नेमकी कापली जातात.

आता उजेड. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सायंकाळी समुद्राकडे कॅमेरा रोखला, की सूर्य समोर येतो आणि माणसे काळी पडतात. सकाळी सूर्य पाठीशी असतो. तेव्हा हे संकट येत नाही. परंतु सकाळी पाहुणे उठतात कुठे? आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट साधत नाहीत, ही अडचण छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. त्या काळच्या काचा निळ्या रंगाला अधिक संवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1856–57च्या सुमारास काढलेल्या आपल्या काही सागरचित्रांसाठी आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच प्रत छापली. पुढे डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हालवून चित्राचा एखादा भाग उजळ राखीत, एखादा गडद करीत. मोबाईलवर सावल्या उजळणारी जी पट्टी बोटाने सरकवतात, ती याच हाताची वारस.

ती पट्टी किती सरकवावी? उडीची आकृती आकाशावर रेखीव उमटली असेल, हातपाय सुटे दिसत असतील, तर मुळीच सरकवू नये. काळी आकृतीच शोभते. ही कोणती नात हे इंदूरच्या आत्याला ओळखता यावे असे वाटत असेल, तर थोडी सरकवावी. अधिक ताणले, की काळोखातून रवाळपणा वर येतो आणि सूर्यास्ताचा रंग धुतल्यासारखा होतो. फेसाचे गणित याहून कठोर आहे. चित्र घेतानाच जो फेस पार पांढरा पडला, त्यात तपशील नोंदलाच गेलेला नसतो. तो गडद करू गेल्यास लाट दिसत नाही, राखाडी चुना तेवढा दिसतो.

पुसटपणाविषयीही असेच आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतलेल्या चित्रात पाण्याचे थेंब हवेत गोठतात. पंधराव्या भागात घेतले तर हातपाय रेषांसारखे ओढले जातात. ते पुढे कितीही धारदार करू पाहिले, तरी कडा तेवढ्या टोकदार होतात, गेलेले रूप परत येत नाही. पुसटपणाला इतके भिण्याचे कारणही नाही. रॉबर्ट कापाने 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर, पाण्यातून पुढे सरकणाऱ्या सैनिकांची काढलेली चित्रे हाललेली आहेत, आणि त्या सकाळची धांदल त्या हालण्यातच आहे. पुढे 1947 साली त्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’ असे मिश्कील नाव दिले.

राहता राहिला कोपऱ्यातला मनुष्य. हल्ली बोट फिरविले की तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी यंत्र आपल्या कल्पनेने वाळू भरते. वृत्तछायाचित्रांच्या जगात ही सीमारेषा फार कडक आहे. 2010 साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एका छायाचित्रकाराचे पारितोषिक रद्द झाले. त्याने मूळ चित्र भरपूर कापले होते, कृष्णधवल केले होते, रवाळही केले होते. ते सारे चालले असते. चालले नाही ते एवढेच, की मागे दिसणाऱ्या एका माणसाच्या पायाचा तुकडा त्याने पुसून टाकला होता.

घरच्या संग्रहाला स्पर्धेचे नियम लावण्याचे कारण नाही. वाळूतली प्लॅस्टिकची बाटली खुशाल पुसावी. परंतु माणूस पुसू नये, असे माझे मत आहे. नकोच असेल तर त्या बाजूने चौकट आत घ्यावी. चौकट फक्त पाहण्याची जागा ठरविते, पुसणे मात्र तेथे कोणी नव्हतेच असे सांगते. रापणीचे चित्र घ्या. होडीने अर्धवर्तुळाकार टाकलेल्या त्या जाळ्याची दोन टोके माणसांच्या दोन रांगा काठावरून ओढीत असतात. चित्र सुटसुटीत व्हावे म्हणून मागची माणसे पुसली, तर उरलेला एकटा रापणकार जे ओढताना दिसतो, ते एकट्याने ओढता येणारेच नव्हे. वरच्या चित्रातली आजीही तशीच. ती उडी मारीत नाही, कॅमेऱ्याकडे पाहात नाही, आणि ‘गर्दी कमी करा’ म्हणताच यंत्र पहिल्याने तिच्यावरच खूण करते. तिच्या हातातल्या चपला मात्र त्या नातीच्याच आहेत.

दुरुस्ती करण्यापूर्वी मूळ चित्राची प्रत वेगळी ठेवावी. काही मोबाईल मूळ राखतात, काही त्याच्यावरच नवे लिहितात. आणि जी चारदोन कागदावर छापून घ्याल, त्यांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने साल, किनारा आणि सर्वांची नावे घालावीत. कडेला उभ्या असलेल्यांचीसुद्धा.