निवाऱ्याची असुरक्षितता आणि व्यसनाधीनांचे आरोग्य

निवाऱ्याची असुरक्षितता म्हणजे केवळ पदपथावर झोपणे नव्हे. नातेवाइकाकडचा तात्पुरता आसरा, कधीही पाडली जाईल अशी झोपडी, हेही त्यात येते. रोज जागा बदलावी लागणाऱ्या भाजीवाल्याचे गिऱ्हाईक टिकत नाही, उपचारांचेही तसेच.

ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन) घेणाऱ्यांना पर्यायी औषधोपचारात (घातक अमली पदार्थाऐवजी देखरेखीखाली औषध) ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. ती साधारणपणे रोज केंद्रावर, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवायची असते. मुंबईतल्या पुलाखालून हटवलेला माणूस भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावाकडे आला, की केंद्र लांब पडते आणि गोळी चुकते. क्षयरोगाच्या किमान सहा महिन्यांच्या औषधांचेही तेच. आडोशाला घाईघाईने अमली पदार्थ टोचताना एकमेकांची सुई वापरली जाते. त्यातून एचआयव्ही, हेपटायटिस सी पसरतात.

व्यसनामुळे घर जाते, हे अर्धेच खरे. घर गेल्याने व्यसन बळावते, हेही तितकेच खरे. ‘आधी व्यसन सोडा, मग निवारा’ हा क्रम म्हणूनच फसतो. न्यूयॉर्कमध्ये 1992पासून आधी घर देण्याची पद्धत राबवली गेली. बहुतेकांचे घर टिकले.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांच्या निवाऱ्याचा होता. या निकषाने गरज मोजायची, तर 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती.