फ्लेक्सवरचा भगवा मळका का दिसतो?

कुंभार पिंपळगाव असो की घनसावंगी तालुक्यातलं दुसरं गाव, शिवजयंतीच्या तोंडावर फ्लेक्सच्या दुकानात हा वाद ठरलेला: "दादा, मोबाईलवर भगवा कसा झळाळतो, अन् बॅनरवर विटकरी?" परत छापायचं तर कापड आणि शाई दुकानदाराच्या अंगावर. तो म्हणतो, मशीनच तसं आहे. माझ्या मते त्याचं निम्मं बरोबर आहे.

जुने पेंटर डब्यात रंग कालवायचे. मशीन कालवत नाही. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा अशा चार शायांचे बारीक ठिपके टाकतं, एकत्र करायचं काम आपला डोळा करतो. भगव्यासाठी पिवळा भरपूर आणि मॅजेंटा त्याहून कमी. गोम इथंच आहे. अस्सल नारिंगी रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश गिळतं आणि साधारण ५८० नॅनोमीटरच्या पुढचा बहुतेक परत फेकतं; एकदम पक्कं कुंपण. मॅजेंटाचे विरळ ठिपके हिरवा प्रकाश थोडा गिळतात, थोडा सोडतात. कुंपणालाच भगदाडं! त्यात फाईल आरजीबीतून सीएमवायकेत नेताना सॉफ्टवेअरनं थोडा सायन घातला, की झालं विटकरी. (हे मात्र मशीनचं नाही, सेटिंगचं.)

मग नारिंगी शाई वेगळी भरावी? काही मशीनमध्ये तशी सोय असते. पण हातानं कालवलेली शाई ओतू नका. दाटपणा जुळला नाही तर हेडची छिद्रं चोंदतात.

"सेम टू सेम" म्हणजे किती सेम, हे मोजता येतं. राष्ट्रध्वजाच्या आयएस १ या मानकात केशरी रंग आकड्यांतच दिलाय: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, उजळपणा २१.५. दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा-ई म्हणतात. सीआयईचं सूत्र १९७६चं, सुधारित २०००चं. ढोबळमानानं १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

मोजायचं यंत्र महाग आहे, पण तक्ता फुकटात जमतो. वापरातल्याच फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर चौकोन छापा: पिवळा १००, सायन आणि काळा शून्य, मॅजेंटा ४० पासून ७० पर्यंत पाच-पाचनं वाढवत. प्रत्येकाखाली आकडा. तुकडा आधी उन्हात आणि मग ट्यूबखाली दाखवा, कारण एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात फारकत घेतात. गिऱ्हाइकानं बोट ठेवलेला आकडा ऑर्डरच्या पावतीवर लिहा, मगच ॲडव्हान्स घ्या.