उपग्रह कोणत्या खात्याचा?

15 फेब्रुवारी 1996 च्या पहाटे चीनमधल्या शिचांग तळावरून ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेट सुटले, वर जाता जाताच कलंडले आणि 22 सेकंदांत शेजारच्या डोंगरावर आदळले. आत लोराल या अमेरिकी कंपनीने बांधलेला इंटेलसॅट 708 हा उपग्रह होता. तटस्थ चौकशी झाल्याशिवाय पुढच्या उड्डाणांचा विमा उतरवणार नाही, असे विमा कंपन्यांनी बजावले. चौकशी समितीचे प्रमुखपद लोरालच्याच अधिकाऱ्याकडे गेले आणि मे महिन्यात अहवालाचा मसुदा वॉशिंग्टनला न विचारता चिन्यांना फॅक्स झाला. उपग्रह पाठवायला परवाना होता, या कागदांना नव्हता.

त्याच वर्षी क्लिंटन सरकारने व्यावसायिक उपग्रहांचे परवाने परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे दिले होते. ज्याचे काम माल खपवण्याचे, त्यालाच राखणीला बसवले! संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने 1998 मध्ये या प्रकरणांच्या चौकशीसाठी कॉक्स समिती नेमली, पण तिचा अहवाल जाहीर होईपर्यंतही संसदेला धीर धरवला नाही. कायदा करून 15 मार्च 1999 पासून सगळे उपग्रह पुन्हा परराष्ट्र खात्याच्या, म्हणजे रणगाडे-तोफांच्या यादीत टाकले. परदेशातल्या उड्डाणावर संरक्षण खात्याचे निरीक्षक हजर राहणार आणि त्यांचा खर्च कंपनीने सोसायचा. लोरालने 2002 मध्ये 2 कोटी डॉलरवर प्रकरण मिटवले.

राग समजण्यासारखा होता. कायदा मात्र आंधळा निघाला. 2006 मध्ये बिगेलो या अमेरिकी कंपनीचे जेनेसिस-1 हे यान रशियातून उडायचे होते. ते ठेवायचा अॅल्युमिनियमचा स्टँड उलटा करून वर टेबलक्लॉथ टाकला असता तर चहाचे टेबल झाले असते. पण तोही ‘लष्करी साहित्य’ ठरला आणि त्याच्यावर पहारेकरी बसवावे लागले.

युरोपला ही आयतीच संधी होती. थेल्स या युरोपीय कंपनीने अमेरिकी सुटे भाग टाळल्याचे सांगत उपग्रह बांधले. त्यातला चायनासॅट 6बी जुलै 2007 मध्ये त्याच शिचांगहून, त्याच जातीच्या रॉकेटवर गेला. चीनचे रॉकेट अडले नाही, अडली ती अमेरिकी कंपन्यांची विक्री. निर्यात रोखण्याचा हिशेब करताना गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते, हे संसदेने धरलेच नव्हते.

जानेवारी 2013 मध्ये ओबामांच्या सहीने कायदा सैल झाला. नोव्हेंबर 2014 पासून बहुतेक व्यावसायिक उपग्रह वाणिज्य खात्याकडे परतले. चीनला उपग्रह पाठवण्यावरची बंदी तेवढी जशीच्या तशी राहिली.