काळ्या सायकलीची डच बहीण

ठाणे, कल्याण, डोंबिवली इथल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. गाडीची वेळ पाठ असते. भरवसा नसतो तो बिल्डिंगच्या फाटकापासून प्लॅटफॉर्मपर्यंतच्या अंतराचा. एमआयडीसी निवासी विभागातून डोंबिवली स्टेशन, खडकपाड्याहून कल्याण, वसंत विहारहून ठाणे, ही अंतरं दोन ते पाच किलोमीटरची. रोज चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ. मग शेअर रिक्षाची रांग, तिसऱ्या सीटची वाट पाहणं, आणि स्टेशनच्या अलीकडे अडकलेली वाहतूक.

याच अंतरासाठी एका देशाने एक वाहन शंभर वर्षं घासूनपुसून तयार केलं आहे. डच सिटी बाइक, आणि आता तिचं विजेवर चालणारं रूप. ती परकी वाटण्याचं कारण नाही. ती आपल्या ओळखीच्या घरातली आहे.

दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळामास्तरांची ती बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल आठवून पाहा. मोठी चाकं, मागे वळलेलं हँडल, ताठ बसायची रुंद सीट, कॅरिअर, चेन झाकणारं कव्हर, चाकाला घासून दिवा लावणारा डायनामो आणि मागच्या चाकाला जडवलेलं घोड्याच्या नालासारखं कुलूप. हा सगळा घाट इंग्लिश रोडस्टरचा. इंग्लंडमधून तो हॉलंडला गेला, तसाच आपल्याकडेही आला. तिथे गॅझेल या सायकल कंपनीची सुरुवात डिरेन गावात १८९२ साली झाली. आपल्याकडे वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६पासून लुधियानाला हिरो उभी राहिली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आपण काळ्या सायकलीला गरिबीची खूण मानून मागे टाकलं, डचांनी तिला घरातच ठेवलं. तिथे तिच्या एका जातीचं नावच ‘ओमाफीट्स’, म्हणजे आजीची सायकल. आजीला पाय उंच न उचलता बसता यावं म्हणून तिची नळी खाली वाकवलेली. मागच्या चाकाला झगा अडकू नये म्हणून जाळी किंवा पडदा. साडीचा पदर आणि ओढणी सांभाळत सायकल चालवणाऱ्या आपल्या बायकांना ही सोय समजावून सांगावी लागणार नाही.

या सायकलीमागचा विचार एका वाक्यात मावतो: रोजच्या कपड्यांत, रोजच्या सामानासह, कोणत्याही हवेत निघता आलं पाहिजे. म्हणून चेन पूर्ण बंद पेटीत असते. पँटला ग्रीस लागत नाही आणि चेनला पावसाचं पाणी. गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद असतात. त्यांचा मोठा गुण असा, की सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलेल्या माणसाला हे फार उपयोगाचं. अनेक मॉडेलांत ब्रेकही हबमध्ये असतो, त्यामुळे रिम ओली झाली तरी त्याची पकड जात नाही. दोन पायांचा भक्कम स्टँड असतो, भाजीची पिशवी लावली तरी सायकल कलंडत नाही.

विजेने यात एकच भर घातली, पण आपल्यासाठी तीच मोलाची. हॉलंडमध्ये चढ फारसे नाहीत, वारा मात्र समोरून येतो, आणि मोटर त्याच्याशी झुंजते. आपल्याकडे ती घामाशी आणि पुलांशी झुंजेल. मे महिन्यात कल्याणचा पत्री पूल किंवा डोंबिवलीचा कोपर पूल साध्या सायकलीने चढणारा माणूस ऑफिसच्या शर्टात स्टेशनला पोचू शकत नाही. मोटरने रेटा दिला की तो पोचतो. चांगल्या सायकलीत पॅडलच्या आसाशी टॉर्क सेन्सर असतो. पाय जितका जोर लावेल त्या प्रमाणात मोटर जोर देते, आणि पाठीवर कुणीतरी हात ठेवून पुढे ढकलतंय असं वाटतं. स्वस्त सायकलीतला सेन्सर फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखतो. तिथे रेटा उशिरा आणि धक्क्याने येतो. गर्दीच्या रस्त्यावर हा फरक सुरक्षिततेचा असतो, म्हणून विकत घेण्याआधी चालवून पाहावी.

कायदाही आड येत नाही. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल, तर आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. युरोपातली मर्यादाही जवळपास हीच आहे.

खर्चाचा हिशेब मांडू. किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-तास वीज लागते. स्टेशन तीन किलोमीटरवर असेल तर येऊन-जाऊन सहा, महिन्याच्या २५ दिवसांत १५० किलोमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम दोन युनिट. ४०० वॅट-तासांची बॅटरी आठवड्यातून एकदा-दोनदा चार्ज केली की पुरते. जुन्या डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत पंचवीस किलोची सायकल वर नेता येणार नाही, म्हणून बॅटरी काढून नेता येणं ही चैन नव्हे, ती पहिली अट आहे. चार्जर कंपनीचाच वापरावा आणि रात्रभर झोपेत चार्जिंग लावून ठेवू नये.

अडचणीही नीट पाहायला हव्यात. चांगली डच विजेची सायकल तिथेच दोन-तीन हजार युरोंना पडते, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर. आपल्याकडच्या विजेच्या सायकली त्याहून बऱ्याच स्वस्तात मिळतात, पण बहुतेकींचा घाट डोंगरी सायकलीचा असतो: पुढे वाकून बसायचं, चेन उघडी, मडगार्ड आणि कॅरिअर वेगळे विकत घ्यायचे. पुण्यात २०२०पासून ईमोटोराडसारखी कंपनी विजेच्या सायकली बनवते आहे. म्हणजे कौशल्य जवळच आहे, आता घाट बदलायला हवा. पाऊसही वेगळा. हॉलंडमध्ये वर्षाला ८०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस बाराही महिन्यांत वाटून पडतो. ठाण्यात सुमारे २,५०० मिलीमीटर चार महिन्यांत कोसळतो. पावसात सायकल चालते, पण गुडघाभर पाण्यात घालू नये. बेअरिंग आणि वायरींचे जोड तिथेच जातात. खड्ड्यांसाठी मोठं चाक आणि रुंद टायर निवडावा. पंक्चरची मात्र चिंता नको. बंद पेटीमुळे चाक काढणं किचकट असतं, म्हणून डच कारागीर चाक न काढता टायरच्या बाजूने ट्यूब बाहेर ओढतो. आपला नाक्यावरचा पंक्चरवालाही घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवण्याआधी नेमकं तेच करतो.

उरतो तो सगळ्यात मोठा प्रश्न: स्टेशनवर सायकल ठेवायची कुठे? हॉलंडमध्येही सायकलीसाठी जागा आपोआप झाली नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत पालक रस्त्यावर उतरले, १९७३च्या तेलसंकटाने त्या आवाजाला बळ दिलं, आणि मग हळूहळू रस्ते बदलले. आज पावणेदोन कोटींच्या थोड्या वर लोकसंख्येच्या त्या देशात दोन कोटी तीस लाखांच्या आसपास सायकली आहेत. उट्रेख्त स्टेशनच्या पोटात २०१९ साली पूर्ण झालेला १२,५०० सायकलींचा तळ आहे आणि पहिले २४ तास तिथे सायकल फुकट ठेवता येते. सायकल लावून माणूस थेट प्लॅटफॉर्मकडे जातो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. स्टेशनभोवती शहर वाढवण्याचा आपला अनुभव जवळजवळ डचांइतकाच जुना आहे. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण या तिन्ही स्टेशनांलगत छप्पर असलेली, पहारा असलेली, लोखंडी पट्टीला सायकल बांधता येईल अशी शे-दोनशे सायकलींची जागा आधी करावी. यंत्र तयार आहे, वीज परवडते, नियम मोकळे आहेत. ती जागा झाली की काळ्या सायकलीची ही बहीण आपल्या फाटकातून स्वतःच बाहेर पडेल.