रिकामे तास वहीत लिहा: गळ टाकून बसणाऱ्यांकडून संशोधनाचा एक धडा

गळाने मासे पकडण्याचा छंद असलेल्या कुणालाही विचारून बघा, "सगळ्यात मोठा मासा कुठला लागला?" उत्तर लगेच येतं. नदी कुठली, आमिष काय होतं, दोरी कशी ताणली, मासा किती वेळ झुंजला, वजन किती भरलं, सगळं तोंडपाठ. आता दुसरा प्रश्न विचारा: "गेल्या वर्षभरात एकूण किती तास गळ टाकून बसलात?" बहुतेक जण हसतील. तो आकडा कुणी लिहूनच ठेवत नाही.

आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. शाळेतल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचं तर लागलेले मासे हा अंश आणि गळ टाकून घालवलेले तास हा छेद. छंदाची सगळी मजा अंशात असते आणि सगळा वैताग छेदात. पण शास्त्राला काही सांगायचं असेल तर दोन्ही हवेत. "आज पाच मासे मिळाले" या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. दोन तासांत पाच की दोन दिवसांत पाच, हे कळलं की मगच ती माहिती होते. मत्स्यशास्त्रात या भागाकाराला 'कॅच पर युनिट एफर्ट' म्हणतात. आपण 'तासाला पकड' म्हणू.

पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताना तुम्ही 'डेटा' हा शब्द शंभर वेळा ऐकला असेल. डेटामधली कुठली गोष्ट सगळ्यात आधी हरवते, हे समजून घ्यायला हा छंद फार चांगला आहे.

कावेरीकाठची वही

आपल्याकडे गळ टाकणाऱ्यांची पंढरी म्हणजे कावेरी, आणि तिथला देव म्हणजे महसीर. एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भारतातल्या गळमासेमारीवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही महसीरला मानाचं पान आहे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर पकडला. गळवाले तो आकडा आजही सांगतात.

कर्नाटकात कावेरीच्या काठावर गाळीबोरे इथे छंदी मासेमारांसाठी एक शिबिर चालायचं. नियम साधा होता: मासा पकडा, वजन नोंदवा, परत पाण्यात सोडा. तिथे मासे आणि वजनांबरोबर गळ टाकून घालवलेला वेळही नोंदवला जायचा. या लेखासाठी महत्त्वाचं तेच. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी घेऊन एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकूण तास २३,६२०. पकडून सोडलेले महसीर ६,१६१. सगळ्यात छोटा ०.४५ किलोचा, सगळ्यात मोठा ४६.८ किलोचा.

भागाकार करा. तासाला साधारण ०.२६ मासा. म्हणजे सरासरी एका माशामागे ३ तास ५० मिनिटं. तेही महसीरसाठी नावाजलेल्या जागी!

वैतागाचं गणित

आता या ०.२६ चा अर्थ नदीकाठी बसलेल्या माणसासाठी काय होतो ते बघू. सोयीसाठी धरून चाला की मासा लागण्याची शक्यता सगळ्या वेळी सारखी आहे आणि आधीच्या तासात काय झालं याचा पुढच्या तासावर परिणाम होत नाही. संख्याशास्त्रात याला प्वासाँ प्रक्रिया म्हणतात.

चार तास बसलात तर एकही मासा न लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के येते. सारख्याच कौशल्याचे तीन मित्र सकाळभर बसले तर त्यातला एक रिकाम्या हाताने घरी जाणार, असं समजा. आठ तास बसलात तरी ही शक्यता १२ टक्के उरतेच. त्याचं काही चुकलं म्हणून नव्हे, आकडाच तसा आहे म्हणून.

याहून जास्त छळणारी गोष्ट पुढे आहे. पुढच्या एका तासात निदान एक मासा लागण्याची शक्यता सुमारे २३ टक्के. तीन तास कोरडे गेल्यावर चौथ्या तासाची शक्यता किती? तीच, २३ टक्के. "एवढा वेळ बसलोय, आता लागायलाच हवा" हे आपलं म्हणणं. माशाला त्याचा पत्ता नसतो.

मग मजा कुठे आहे? पहाट, शांत पाणी, मोबाइल बंद, हे सगळं आहेच. पण मानसशास्त्राकडेही एक धागा आहे. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांवरचे प्रयोग मांडले. बक्षीस ठरावीक प्रयत्नांनंतर न देता कधी लवकर, कधी उशिरा, असं बेभरवशाने दिलं, तर प्राणी चिकाटीने प्रयत्न करत राहतो आणि बक्षीस थांबल्यावरही लवकर सोडत नाही. गळ टाकणं बरंचसं तसंच आहे. प्रत्येक वेळी मासा लागला असता तर तो बाजारहाट झाला असता, छंद नाही. वैताग आणि मजा एकाच अनिश्चिततेतून येतात.

या अनिश्चिततेतूनच एक सापळाही तयार होतो, आणि तो संशोधनात रोज भेटतो. मासा लागत नाही म्हणून माणूस आमिष बदलतो. गांडूळ काढून कणकेचा गोळा लावतो, आणि दहा मिनिटांत मासा! झालं, कणीक हे त्या नदीचं 'खात्रीचं' आमिष ठरलं. पण मोजून बघा. तासाला ०.२६ या दराने कुठल्याही दहा मिनिटांत मासा लागण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. वर्षभरात वीस वेळा आमिष बदललंत, तर निदान एकदा तरी "बदललं आणि लगेच लागला" असं घडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के होते, आमिषाचा काडीचाही संबंध नसताना. बाकीच्या वेळी आमिष बदलूनही काही झालं नाही, ते वहीत नसेल तर हा योगायोग पुढच्या माणसाला 'अनुभव' म्हणून सांगितला जाणार.

एकाच आकड्यात लपलेले दोन मासे

आता गाळीबोरेच्या वहीतला खरा चटका लावणारा भाग. त्या पंधरा वर्षांत तासाला पकड वाढत गेली आणि माशाचं सरासरी वजन कमी होत गेलं. म्हणजे लहान मासे भरपूर येत होते. पकडून सोडण्याच्या नियमामुळे महसीर वाढतोय, असा आनंदाचा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचाही नाही. फक्त प्रश्न असा की कुठला महसीर?

कावेरीत दोन प्रकारचे महसीर लागत होते. एक तिथलाच, डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असलेला. प्रचंड वजनाचे विक्रम याच्याच नावावर सांगितले जातात. दुसरा निळ्या परांचा, बाहेरून आणून सोडलेला. हा दुसरा मासा आपल्या घरचा आहे. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं, टॉर खुद्री हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव. आपल्याकडे महसीरला खडस म्हणतात. धरणं आणि बेसुमार मासेमारीमुळे तो कमी होत होता, म्हणून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. तिथली पिल्लं देशात अनेक ठिकाणी गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू संवर्धनाचाच होता.

दोन्ही मासे वहीत वेगळे काढल्यावर चित्र पालटलं. वाढणारी पकड निळ्या परांच्या माशाची होती. वशिंडाचा महसीर कमी-कमी लागत होता, आणि जे लागत होते ते आकाराने मोठे होत चालले होते. गळवाल्याला वाटेल, वा, मोठे मासे! पण लहान मासे येणंच थांबलं आणि फक्त म्हातारे उरले, तरी सरासरी वजन वाढतंच. ज्या गावात पोरं जन्मत नाहीत तिथलं सरासरी वय वाढतं, तसंच हे.

या माशाला तोवर ठाम शास्त्रीय नावही नव्हतं. दीडशे वर्षं लोक त्याला गळाने पकडत होते, फोटो काढत होते, विक्रम सांगत होते. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन झालेला टॉर रेमादेवी आणि कावेरीचा वशिंडाचा महसीर एकच आहेत. त्यानंतर तो आययूसीएनच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. नाव आणि धोक्याचा शिक्का जवळजवळ एकाच वेळी मिळाले.

हे कळलं कशामुळे? काही छंदी लोकांनी रिकामे तासही लिहिले आणि माशाचा प्रकारही लिहिला म्हणून. 'महसीर' असा एकच रकाना असता, तर एक जात संपत आलेली असताना आलेख वर जाताना दिसला असता.

ही वही काय सांगू शकत नाही

इथे थांबून वहीची मर्यादाही बघायला हवी. व्हायवात पहिला प्रश्न तोच येतो.

एक, ६,१६१ वेळा मासा पकडला गेला याचा अर्थ ६,१६१ वेगवेगळे मासे असा होईलच असं नाही. सोडलेला मासा पुन्हा लागू शकतो. खूण केलेली नसेल तर फरक कळत नाही.

दोन, याच्या उलटही घडतं. नेदरलँड्समधल्या ब्यूकेमा या संशोधकाने १९७० मध्ये दाखवलं की एकदा गळाला लागलेला कार्प मासा नंतर गळ टाळायला शिकतो. म्हणजे मासे तेवढेच असून पकड घटू शकते.

तीन, मासे घटत असूनही पकड टिकू शकते. उरलेले मासे एकाच डोहात गोळा होतात, गळवाल्यांना तो डोह माहीत असतो, आणि तासाला पकड तशीच राहते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाचं असंच झालं. व्यावसायिक बोटींची पकड चांगली दिसत राहिली, साठा मात्र ढासळत होता, आणि १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली.

चार, तास आणि तास सारखे नसतात. वर्षानुवर्षं नदी ओळखणाऱ्या स्थानिक वाटाड्याबरोबरचा तास आणि पहिल्यांदाच रॉड हातात घेतलेल्या पाहुण्याचा तास, दोन्ही वहीत '१' म्हणूनच येतात. शिवाय पाऊस, गढूळपणा, पाण्याची पातळी यांमुळे चांगले आणि कोरडे दिवस घोळक्याने येतात. म्हणून खऱ्या नोंदींत शून्यं आपल्या प्वासाँच्या अंदाजापेक्षा जास्तच असतात. यालाच ओव्हरडिस्पर्शन म्हणतात, हा शब्द आत्ताच लक्षात ठेवा.

या मर्यादांमुळे वही निरुपयोगी होत नाही. तिच्यातून काय म्हणता येतं आणि काय नाही, एवढं स्पष्ट होतं.

तुमच्या वहीसाठी

आता हे सगळं तुमच्या टेबलावर आणा. पीसीआरला बँड आला की फोटो जपून ठेवला जातो. न आलेल्या सात वेळा कुठे आहेत? सर्वेक्षणात १२० जणांनी फॉर्म भरले हे आपण लिहितो. किती जणांनी दार लावून घेतलं, ते लिहिलं का? फील्डवर बेडूक दिसला तर जीपीएस नोंद होते. ज्या ओढ्यावर दोन तास फिरून काहीच दिसलं नाही, त्या ओढ्याचं नाव वहीत आहे का?

सुरुवातीला चार रकाने पुरेत: तारीख, किती वेळ किंवा किती प्रयत्न, काय मिळालं, आणि त्या दिवशी वेगळं काय होतं. काही मिळालं नाही तर जागा कोरी सोडू नका, शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे 'माहीत नाही', शून्य म्हणजे 'बघितलं, नव्हतं'. सहा महिन्यांनी या दोन्हींतला फरक तुम्हालाही आठवणार नाही. आणि शंका असेल तिथे प्रकार वेगळे लिहा. दोन रकाने नंतर एकत्र करता येतात, एकाचे दोन करता येत नाहीत.

यातला पहिला रकाना भरायला सगळ्यात जड जातो तो कोरड्या दिवशी. त्या दिवशी वही उघडावीशीच वाटत नाही, सरांना दाखवायला काही नसतं, आणि शेजारच्याचा प्रयोग नेमका त्याच दिवशी लागलेला असतो. गळ टाकणाऱ्याला ही भावना चांगली ठाऊक आहे. कावेरीकाठी अशा हजारो कोरड्या तासांची नोंद राहिली, म्हणून एक मासा संपत चाललाय हे वेळेत लक्षात तरी आलं. तुमच्याकडे प्रोजेक्टची वही असेल तर गेल्या महिन्याची पानं काढा आणि मोजा: एकूण प्रयत्न किती आणि त्यातली शून्यं किती. आकडा काढता आला नाही, तर आजच्या तारखेपासून सुरुवात करा.